फाउंड्रीचा कार्बन चार्जमध्येही मोजा

संपादक महोदय,

बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातील पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून सेबीच्या नियमाने बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो. त्यांतल्या वाहन कंपन्यांना कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) पुरवणाऱ्या कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांकडूनही (ओतकामाच्या कारखान्यांकडूनही) आता उत्सर्जनाचे तक्ते मागितले जातात. हे तक्ते बहुधा वीजबिलापाशीच थांबतात; चार्ज, म्हणजे भट्टीत घातलेला कच्चा माल, त्यात येत नाही.

वीज महत्त्वाची आहेच. इंडक्शन भट्टीत, म्हणजे विजेच्या भट्टीत, टनभर लोखंड वितळवायला ६०० युनिट धरा. रनर-रायझर (साच्यात धातू पोहोचवणाऱ्या वाटांत गोठलेले जादा लोखंड) तोडून ६० टक्के माल हाती येतो, हा यिल्ड; त्यातला ५ टक्के रिजेक्ट. म्हणजे टनभर चांगल्या मालामागे सुमारे १०५० युनिट. यिल्ड ६५ आणि रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणले तर ९५०. ग्रिडच्या विजेवर हे साधारण ७० किलो कार्बन डायऑक्साइड वाचले. स्पेक्ट्रोच्या (धातूतील घटक तपासणाऱ्या यंत्राच्या) रिपोर्टची वाट पाहताना भट्टीचे झाकण उघडे राहते, ते लावले तर आणखी वाचेल.

पण खरी गोम पिग आयर्नमध्ये, म्हणजे खनिजापासून बनवलेल्या कच्च्या लोखंडात आहे. ब्लास्ट फर्नेसचे पिग टनामागे दोन टनांच्या घरात कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन घेऊनच फाउंड्रीत येते. टनभर चार्जमधले १०० किलो पिग काढून पोलादी भंगार घातले, तर कार्ब्युरायझर (कार्बन वाढवणारी पूड) आणि फेरोसिलिकॉनचा (सिलिकॉन भरून काढणाऱ्या मिश्रधातूचा) वाटा वजा करूनही दीडशे किलो तरी वाचतात.

हे जपून करावे लागते. पिगमधला चार किलो कार्बन भरून काढायला पाचेक किलो कार्ब्युरायझर लागतो. तो भंगाराबरोबर तळाशीच घालायचा. वरून स्लॅगवर (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या मळीवर) टाकला की जळून जातो. स्वस्त कार्ब्युरायझरमध्ये नायट्रोजन जास्त असला, तर ग्रे आयर्नच्या (साध्या ओतीव लोखंडाच्या) जाड भागात फटीसारखी छिद्रे पडतात आणि ती मशिनिंगनंतरच दिसतात. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भंगारात आला तर भट्टीचे आतले अस्तर (लाइनिंग) खराब होते. एसजी आयर्नला (जास्त चिवट ओतीव लोखंडाला) जास्त मँगनीजचे भंगार चालत नाही, कास्टिंग कडक होते.

एवढे सांभाळणारे मेल्टर इथे आहेत. घोडे अडते ते मंजुरीपाशी. चार्ज बदलायचा तर ग्राहकाकडे नवे नमुने, टेस्ट बार (ताकद तपासायचे नमुने), मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), मशिनिंग ट्रायल, सगळे पहिल्यापासून. खर्च फाउंड्रीचा, आणि दर मात्र कमी करून हवा. खरेदी विभाग कार्बन कमी मागतो, क्वालिटी विभाग बदलाला हात लावू देत नाही. वाहन कंपन्यांनी आधी या दोन विभागांना एकत्र बसवावे, ट्रायल हीटचा (चाचणीसाठी भट्टी लावण्याचा) खर्च उचलावा आणि तक्त्यात दोन रकाने वाढवावेत: टनभर चांगल्या कास्टिंगमागे किती युनिट आणि किती किलो पिग.

– एक फाउंड्री तंत्रज्ञ, कोल्हापूर