‘अवेअरनेस वाढला’ म्हणजे नेमके काय मोजले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर लक्ष्मी रस्त्यापासून बाणेरपर्यंतच्या दुकानदारांच्या हाती जाहिरात एजन्सींची कोटेशने पडू लागतात. त्यात ‘ब्रँड अवेअरनेस’, म्हणजे लोकांना दुकानाचे नाव माहीत होणे, अशी एक ओळ असते आणि तिच्यासमोर बऱ्यापैकी मोठी रक्कम. हंगाम संपल्यावर गल्ला जागचा हलला नसेल, तर हीच ओळ ढाल म्हणून पुढे येते. ‘सेल नाही झाला, पण अवेअरनेस वाढला ना!’ पुरावा काय, तर मोबाइलवरचा एक स्क्रीनशॉट. रीच, म्हणजे जाहिरात पोचलेली माणसे, इतका; इम्प्रेशन्स इतकी.

इम्प्रेशन म्हणजे जाहिरात एकदा पडद्यावर येणे. एकाच माणसाला ती सहा वेळा दिसली तर इम्प्रेशन्स ६, माणूस १. तेव्हा ३ लाख इम्प्रेशन्स म्हणजे ५० हजारच माणसे असू शकतात, आणि त्यांतली तुमच्या दुकानाकडे वळू शकणारी आणखी कमी. ‘दिसली’ या शब्दाची व्याख्याही बेताचीच आहे. या व्यवसायातल्या प्रचलित निकषानुसार चित्राचा निम्मा भाग १ सेकंद, किंवा व्हिडिओचा २ सेकंद, पडद्यावर आला की ती जाहिरात दिसण्याजोगी धरली जाते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अहवालात ‘ॲड रिकॉल लिफ्ट’ असा एक रकाना मिळतो, तो पाहून पुष्कळांना हायसे वाटते. तो संगणकाने बांधलेला अंदाज असतो : दोन दिवसांत विचारले तर किती जणांना जाहिरात आठवेल. जाहिरातीतले गोड मूल आठवते. पेढे कुणाचे होते, हे आठवेलच असे नाही.

अवेअरनेस असतो गिऱ्हाइकाच्या डोक्यात, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. बाकरवडी म्हटले की पुणेकराच्या तोंडून चितळे येते, श्रूजबेरी म्हटले की कयानी. काही न दाखवता नाव सुचले, तर तो रिकॉल, म्हणजे आठवण. पहिलेच सुचलेले नाव असेल, तर त्याला टॉप ऑफ माइंड म्हणतात. पाटी किंवा पाकीट पाहिल्यावर ‘हे माहीत आहे’ असे वाटले, तर ते रेकग्निशन, म्हणजे ओळख. पैसे कुठे घालायचे, हे या फरकावर ठरते आणि नेमका तोच कोटेशनमध्ये कधी लिहिलेला नसतो.

अमृततुल्यात जाणारा माणूस घरून नाव घोकत निघत नाही. कोपऱ्यावर पाटी दिसते, ओळखीची वाटते, तो थांबतो. किराणा दुकानातल्या मसाल्याच्या पाकिटाचे, डिलिव्हरी ॲपवरच्या फोटोचेही तसेच. इथे ओळख पुरते. मग खर्च पाटी, पिशवी, पाकीट यांवर करावा आणि रंग, अक्षर, चिन्ह वर्षानुवर्षे तेच ठेवावे. दुकानाची पाटी लाल, पिशवी हिरवी आणि इन्स्टाग्रामवर दर सणाला नवा फाँट असला, की दरवेळी शून्यापासून सुरुवात होते. पाटीवर देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान असू नये, असा कायदाच आहे. तो दंडाच्या भीतीने कसाबसा पाळण्यापेक्षा लोक नाव जसे उच्चारतात तसे ठळक लिहिले तर फायदा आपलाच. उलट प्लंबर, क्लास, रंगकाम, पॅथॉलॉजी लॅब यांची गरज घरात बसल्या बसल्या उद्भवते. समोर पाटी नसते, त्यामुळे नाव आपोआप सुचावे लागते. त्यासाठी गरज आणि नाव एकाच वाक्यात, पुन्हा पुन्हा, महिनोन्महिने ऐकवावे लागते. दिवाळीच्या पंधरा दिवसांत हे काम होत नाही.

मोजायचे कसे? लोकांना विचारून, आणि प्रश्नांचा क्रम न मोडता. आधी गाळणी : गेल्या वर्षी तुमच्या घरी बाहेरून फराळ आणला होता का? ‘नाही’ म्हणणाऱ्याचे आभार मानून पुढे जावे. मग, ‘फराळ बाहेरून घ्यायचा झाला तर कोणकोणती नावे आठवतात?’ ती ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने लिहून घ्यावीत. त्यानंतरच ८-१० नावांचे कार्ड दाखवावे, दर काही जणांमागे नावांचा क्रम बदलून, आणि त्यात एक नाव अस्तित्वातच नसलेले घालावे. हा भाग कधी गाळू नये. शंभरातल्या ६ जणांनी ते खोटे नाव ‘माहीत आहे’ म्हटले आणि तुमचे ९ जणांनी, तर तुमच्या नऊपैकी बरेचसे भिडेखातर मिळालेले आहेत. खरेदी केली होती का, हा प्रश्न त्यानंतर. जाहिरात पाहिली का, हे अगदी शेवटी. ते आधी विचारले की पुढची सगळी उत्तरे त्या रंगात रंगतात.

विचारणारा दुकानाचा टी-शर्ट घालून गेला, की पाहणी तिथेच संपली. स्वतःच्या दुकानाच्या दारात किंवा ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणे म्हणजे देवळात उभे राहून देव माहीत आहे का विचारण्यासारखे.

आता आकडे. चिठ्ठ्या टाकून काढावे तसे निवडलेल्या १०० जणांच्या पाहणीत उत्तर १० टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे असू शकते, ४०० जणांत ५ टक्क्यांपर्यंत. आकडा १२ टक्क्यांच्या आसपास असेल तर ही चूक थोडी कमी, १०० जणांच्या पाहणीत साधारण ६ टक्के. तरीही दोन पाहण्यांत १२ चे १५ झाले, तर ४००-४०० जणांना विचारूनसुद्धा ती वाढ योगायोगाची असू शकते. १८ झाले, तर बोलावे. पहिली पाहणी जाहिरातीच्या आधीच हवी. ती झाली नसेल तर ‘वाढला’ या शब्दाला अर्थच उरत नाही. दुसरी पाहणी जाहिरात थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, तेच प्रश्न, त्याच वस्त्या. शिवाय दिवाळीत फराळवाल्या सगळ्यांचीच नावे लोकांच्या तोंडी असतात. म्हणून जाहिरात कोथरूडमध्ये केली असेल तर जिथे केली नाही त्या हडपसरमध्येही विचारावे. वाढ दोन्हीकडे सारखी दिसली, तर ती सणाची.

फ्लेक्सबाबत थोडे. ताशी ४० किलोमीटरने जाणारा दुचाकीस्वार सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. ५० मीटरवरून वाचू लागला तरी हातात साडेचार सेकंद, म्हणजे फार तर सहा-सात शब्द. पाट्या रंगवणाऱ्यांचा हिशेब दर १० फुटांना १ इंच अक्षर. इतक्या अंतरासाठी सुमारे १६ इंच हवे. त्या जागेत शुभेच्छुकांचे डझनभर चेहरे बसवले, की दुकानाच्या नावाला उरते काय? विनापरवाना विजेच्या खांबावर टांगणे तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे.

इतके करून नाव माहीत झाले तरी विक्री होईलच असे नाही. १९८९ ची ‘हमारा बजाज’ ही स्कूटरची जाहिरात आजही कित्येकांना पाठ आहे. पण गिऱ्हाईक मोटारसायकलकडे वळले आणि २००९ मध्ये आकुर्डीच्या या कंपनीने स्कूटर बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. तेव्हा नाव कुणी विसरलेले नव्हते. २०१९ मध्ये विजेवरची स्कूटर आणताना कंपनीने जुन्या स्कूटरचे ‘चेतक’ हेच नाव बाहेर काढले, यावरून त्याची किंमतही कळते.

चारशे जणांची पाहणी एकट्या दुकानदाराला परवडत नाही, हे खरे. फराळ, साड्या, चष्मे आणि क्लास अशा एकमेकांशी स्पर्धा नसलेल्या चौघांनी एकाच प्रश्नपत्रिकेत आपापले तीन-तीन प्रश्न घातले तर खर्च चौघांत वाटला जातो. पेठांतल्या आणि उपनगरांतल्या व्यापारी संघटनांनी यंदा नवरात्राच्या आधी अशी एक सामाईक पाहणी लावून द्यावी. एजन्सीचे कोटेशनही मग पहिल्या पाहणीचा आकडा हाती आल्यावरच मागवता येईल.

– बाजारपाहणीच्या क्षेत्रातील एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे