बंदूक मॉलात मिळावी म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत पाटणकडच्या एका शेतकऱ्याचं पत्र आलं होतं. रानडुकरांनी भुईमूग उकरून टाकला, परवान्याची फाईल कुठल्या टेबलावर आहे ते कोणी सांगत नाही, आणि अमेरिकेत बघा, बंदूक भाजीसारखी मॉलात मिळते, तसंच आपल्याकडेही करा, असा एकूण मजकूर. पहिल्या दोन गोष्टींत मी त्यांच्याच बाजूचा आहे. तिसरीबद्दल मात्र लिहिणं भाग आहे, कारण तो मॉल मी आतून पाहून आलोय.

आधी माझी ओळख. पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि पुढे साताऱ्यात एका बँकेच्या दारात स्वतःच्या परवान्याची बारा बोअर दुनाळी घेऊन उभा राहिलो. आपल्या जिल्ह्यात माजी सैनिकांना या नोकरीचं अप्रूप नाही, घराआड एक सापडेल. तेव्हा बंदूक विकत घेणं, नूतनीकरण, काडतुसांची नोंद, निवडणूक आली की बंदूक जमा करण्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज, हे सगळं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे.

मुलगा टेक्सासमध्ये, ह्यूस्टनच्या बाहेर राहतो. ग्रीन कार्डवाला आहे. त्याच्या कंपनीतल्या एकाची गावाकडे जमीन आहे आणि तिथेही डुकरांचा तोच ताप. पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, त्यांत शिकारीसाठी युरोपातून आणलेल्यांची भर पडली. मका पेरला की रातोरात ओळीनं जाऊन दाणा न् दाणा उकरतात. मालकाची परवानगी असली तर खासगी जमिनीवर डुक्कर मारायला तिथे २०१९ पासून शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. मित्रानं बोलावलं, आमच्या चिरंजीवांना हुक्की आली. आधी हवेत उडवायच्या मातीच्या तबकड्यांवर हात बसवू म्हणाले आणि बंदूक घ्यायला मला बरोबर घेतलं. सूनबाईंचं म्हणणं एवढंच होतं की घरात लहान पोर आहे, आधी कुलपाचं लोखंडी कपाट येईल, मग बंदूक. मी म्हटलं, बरोबर बोलतेय.

दुकान खेळाच्या सामानाचं, अवाढव्य. नाव लिहीत नाही. एकीकडे तंबू, एकीकडे गळ आणि होड्या, आणि पार मागच्या भिंतीला बंदुकांचा काउंटर. वेबसाइटवर 'उपलब्ध' दाखवलेली बंदूक भिंतीवर नव्हती. तिच्या जागी किमतीची चिठ्ठी तेवढी लटकत होती. नंबर काढायचं यंत्र होतं, नंबर काढला, पण पुकारायला माणूस नाही. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. शेवटी मासेमारीच्या विभागातला एक पोरगा आला. वागायला गोड, काम करायची इच्छाही होती. पण त्यानं दुसरी एक बंदूक रॅकवरून काढली ती नळी आमच्या पोटावरून फिरवतच, आणि न उघडता मुलाच्या हातात दिली. बंदूक हाती आली की पहिल्यांदा उघडायची, काडतूस बसतं ती कोठी रिकामी आहे हे डोळ्यांनी बघायचं, अंधार असला तर बोट घालून बघायचं, आणि उघडी ठेवूनच पुढच्याला द्यायची. आमच्याकडे रंगरूटाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात आणि चुकला तर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात.

मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. मी तिथे व्हिजिटर व्हिसावर. तिथल्या केंद्रीय कायद्यानं अशा माणसाला बंदूक बाळगता येत नाही, शिकारीचं लायसन्स असणं वगैरे अपवाद सोडले तर. म्हणजे जन्मभर जी वस्तू खांद्याला होती, तिला मी बोट लावलं नाही. पण तोंडाला कुलूप नव्हतं. चापाला मात्र होतं, आणि ते काढायची परवानगी नाही असं पोरगा म्हणाला. दस्ता लांब पडतोय का, बोट चापावर नीट बसतंय का, हे बघितल्याशिवाय बंदूक घ्यायची तरी कशी? "ऑनलाइन रिव्ह्यू चांगले आहेत," असं उत्तर मिळालं.

खरा हिसका काडतुसांच्या वेळी बसला. तबकड्यांसाठी साडेसात नंबरचे बारीक छर्रे हवे होते, त्यानं हरणाच्या शिकारीचे जाड छर्रे पुढे केले. ठीक आहे, नवखा आहे म्हणून सोडून दिलं. पण दाखवायला म्हणून त्यानं बारा बोअरचं आणि वीस बोअरचं अशी दोन खोकी उघडली आणि काडतुसं एकाच ट्रेमध्ये ओतली. ज्यांना यात काय बिघडलं ते कळणार नाही त्यांच्यासाठी सांगतो. वीस बोअरचं काडतूस बारीक असतं. ते बारा बोअरच्या नळीत टाकलं तर कोठीत न थांबता पुढे सरकतं आणि नळीत अडकून बसतं. बाहेरून कोठी रिकामी दिसते. वाजली नाही म्हणून माणूस मागून बारा बोअरचं भरतो, चाप ओढतो, आणि नळी फुटून पुढचा हात जातो. वीस बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करायची पद्धत पडली ती ह्याचसाठी. मी पिवळी काडतुसं वेगळी करायला सांगितली, तर पोरानं ट्रे मुलाकडे सरकवून "तुम्हीच करा" अशा अर्थाचं हसून दाखवलं. पिवळं का, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. मला राग त्याचा नाही आला. काल त्याला गळ विकायला उभा केला होता, आज बंदुकीला उभा केला, उद्या तंबूला करतील. राग आला तो त्याला तिथे पाठवणाऱ्याचा.

एवढ्यात किल्लीवाले साहेब आले आणि फॉर्म सुरू झाला. ४४७३ नंबरचा हा फॉर्म केंद्राचा असतो, दुकान मोठं असो की छोटं, परवानाधारक विक्रेत्याला तो भरून घ्यावाच लागतो. तुमच्यावर गुन्हा आहे का, अमली पदार्थ घेता का, बंदूक खरोखर स्वतःसाठी घेताय का, असे प्रश्न. खोटं लिहिलं तर तुरुंग. मग माहिती एफबीआयच्या यंत्रणेत तपासली जाते, ही पद्धत १९९८ पासून आहे. भाजीसारखी म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

आमचं घोडं अडलं नावापाशी. ड्रायव्हिंग लायसन्सवर मुलाचं नाव आणि आडनाव, ग्रीन कार्डवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मधल्या जागेत मीच अडकून बसलो होतो. हा माणूस एकच कशावरून, असा साहेबांना प्रश्न. त्यात मुलानं घर बदललेलं, लायसन्सवर जुना पत्ता. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर नवा पत्ता होता, आणि असा सरकारी कागद जोडून चालतो असं त्याच फॉर्मच्या सूचनांत छापलेलं आहे. मुलानं ती ओळ दाखवली. साहेब म्हणाले, असेल, पण आमच्या कंपनीत चालत नाही. त्यांनी कुठेतरी फोन लावला, फोनवर गाणं वाजत राहिलं. मागे रांग वाढत गेली. शेवटी पलीकडून चालतं म्हणून सांगितलं गेलं.

मध्येच साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, बंदूक नक्की कोणासाठी आहे? प्रश्न विचारतोय बाप, सही करतोय मुलगा, म्हणजे त्यांना वाटलं बंदूक माझीच. दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर घेणं हा तिथे मोठा गुन्हा आहे. मुलाचं तोंड पडलं, मला मात्र हा प्रश्न आवडला. अख्ख्या दुकानात बंदुकीच्या बाबतीत कोणी डोकं वापरलं असेल तर ते त्या एका मिनिटात.

तपासणीचं उत्तर आलं: 'विलंब'. नावसाधर्म्य असलं किंवा नोंद अर्धवट असली तरी असं येतं. तीन कामकाजाच्या दिवसांत एफबीआयनं काही कळवलं नाही तर केंद्रीय कायद्यानं दुकानदाराला विक्री करता येते, पण या दुकानाचा नियम असा की होकार आल्याशिवाय द्यायचीच नाही. नियम चांगलाच आहे. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ साली नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळालं होतं ते अशीच मुदत उलटल्यावर. तक्रार नियमाची नाही. होकार आल्यावर आम्ही गेलो तेव्हा किल्ली होती तर सही करणारा दुसरा माणूस नव्हता, आणि पुन्हा गेलो तर आमची बंदूक दुसऱ्या शाखेत गेल्याचं कळलं, तक्रार त्याची. शेवटी खोकं आलं, उघडून पाहिलं तर नळीच्या तोंडाशी बसणारा चोक बदलायची किल्ली गायब आणि नळीवर ओरखडा. शोकेसमधलीच दिली होती. एकदा दाराबाहेर नेली की परत घेणार नाही, अशी पाटी डोक्यावर लटकत होती. मुलानं पैसे भरले नव्हते. तो तसाच वळला आणि गाडीकडे चालायला लागला.

मोठ्या दुकानांनाही हे दुखणं कळत असावं. वॉलमार्टनं (आम्ही गेलो ते दुकान हे नव्हे) लष्करी धाटणीच्या रायफली २०१५ मध्ये बंद केल्या. पार्कलँडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर २०१८ मध्ये त्यांनी आणि डिक्स स्पोर्टिंग गुड्सनं एकवीस वर्षांखालच्यांना बंदूक विकणं थांबवलं. पुढच्याच वर्षी एल पासोला वॉलमार्टमध्येच हत्याकांड झालं, त्यानंतर पिस्तुलांच्या गोळ्याही बंद. म्हणजे आपले लोक ज्या मॉलचं उदाहरण देतात तो मॉल स्वतःच एकेक पाऊल मागे घेतोय.

मग आम्ही गावाबाहेर एका बंदूकवाल्याकडे गेलो. सत्तरीचा माणूस, पाठीमागे लेथ, टेबलावर तेलाच्या चिंध्या. त्यानं आधी विचारलं, मारणार काय? मग मुलाला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगितली, आणि डोळे उघडल्यावर नळीच्या टोकाची माशी कुठे दिसते ते विचारलं. दोन बंदुका त्यानं स्वतःच नापास केल्या, त्यातली एक महागडी होती. तिसरी दिली. फॉर्म तोच, एफबीआय तीच, गाडीचा कागद त्यानं न विचारताच मागितला. चार पैसे जास्त गेले. कपाट आहे का, हे त्यानंही विचारलं, म्हणजे सूनबाई जिंकल्या.

आपल्याकडेही असा माणूस होता. साताऱ्यात मी ज्यांच्याकडून दुनाळी घेतली ते म्हातारे दस्ता कोपरात धरायला लावून बोट चापापर्यंत पोचतं का बघायचे, नळ्या उजेडाकडे धरून आत दिसणाऱ्या उजेडाच्या गोल चकत्या मोजल्यासारख्या न्याहाळायचे, कुठे पोचा असला तर चकती वाकडी दिसते. एलजी म्हणजे जाड छर्ऱ्यांची काडतुसं कोणाला द्यायची, त्याहून बारीक छर्ऱ्यांची चार नंबर कोणाला, हे गिऱ्हाईकाचं शेत कुठे आहे ते विचारून ठरवायचे. त्यांच्या मुलांनी तो धंदा पुढे चालवला नाही, आता तिथे मोबाईलची दुरुस्ती होते. बारा बोअरची काडतुसं खडकीच्या कारखान्यात बनतात, इथून कितीसं लांब आहे ते, पण डोंगरातल्या शेतकऱ्याला एक खोकं आणायचं तर अख्खा दिवस आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं. पाटण-जावळीकडे अजून ठासणीच्या बंदुका आहेत. आज्याच्या परवान्यावरच्या, वारसाच्या नावावर व्हायच्या म्हणून हेलपाटे घालणारे लोक मी बघितलेत.

पाटणच्या त्या भावांना म्हणून सांगतो, मॉल मागू नका. बंदूक हातात आली म्हणून डुक्कर मारता येत नाही हेही तुम्हाला ठाऊक असेल, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि वनखात्याची परवानगी वेगळी लागते. गव्याचं तर नावच काढायला नको. मागायचं असेल तर हे मागा की जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला की पोचपावतीवर फाईल कोणाकडे आहे आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे लिहून मिळावं. नकार असला तर तोही कारणासकट लिहून. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनाची पाच वर्षं झाली, नूतनीकरणाचा ताण तेवढा हलका झाला, तर ते वाचलेले हात नव्या अर्जांकडे लावावेत. काडतुसं तालुक्याच्या ठिकाणी ठराविक दिवशी, माहितगार विक्रेत्याकडून मिळावीत.

आणि २०१६ च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यानं प्रशिक्षण घ्यायचं आहे. ते कागदापुरतं राहू नये. शिकवायला माणसं बाहेरून आणायची गरज नाही. मिलिटरी अपशिंग्यापासून खटाव-माणपर्यंत या जिल्ह्यात निवृत्त नाईक-हवालदारांची वानवा नाही. महिन्यातून एक रविवार, पंचायत समितीच्या आवारात, रिकाम्या बंदुकीवर दोन तास: उघडायची कशी, धरायची कशी, पिवळं काडतूस वेगळं का ठेवायचं, घरात पोरांपासून कुठे ठेवायची. प्रशासनानं जागा द्यावी, मी एक पैसा न घेता यायला तयार आहे. कोरेगावच्या तहसील कार्यालयात निरोप ठेवला तरी माझ्यापर्यंत पोचेल.

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)