आधी पायाखालची गादी पाहावी, मग मुलांची बॅग

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

जून महिना लागला की वह्या-पुस्तकांच्या खरेदीबरोबरच कराटे, तायक्वांदो आणि ज्युदो यांच्या वर्गांचे फलक सोसायट्यांच्या फाटकांवर दिसू लागतात. यंदा माझ्या आठ वर्षांच्या नातीचे नाव आम्ही अशाच एका कराटेच्या वर्गात घातले, आणि प्रवेशाच्या दिवशीच आमच्या हातात एक छापील यादी पडली. ड्रेस, पट्टा, हातमोजे, शिनगार्ड, चेस्टगार्ड, हेडगार्ड, वर्गाचे नाव छापलेला टी-शर्ट आणि तसेच नाव छापलेली बॅग, असे सगळे मिळून 6,500 रुपये भरायचे होते आणि हे साहित्य वर्गातूनच घेणे बंधनकारक होते. यादीत माउथगार्डचा उल्लेख नव्हता. सराव ज्या हॉलमध्ये चालतो तिथे गुळगुळीत टाइल्सवर एकमेकींत अडकवायच्या फोमच्या पातळ चटया पसरलेल्या होत्या आणि त्यांतल्या काहींच्या कडा उचकटून वर आल्या होत्या. पुढच्या महिन्यापासून मुलांना एकमेकांना पाडायलाही शिकवणार असल्याचे मला तिथेच कळले, आणि हे पत्र लिहावे असे वाटले ते त्यामुळे.

मी स्वतः 1981 साली पुण्यात ज्युदो शिकायला सुरुवात केली आणि पुढे काही वर्षे कराटेही केले, त्यामुळे या विषयावर बोलताना मी अगदीच परकी नाही. तेव्हा ड्रेस विकत मिळत नसे असे नाही, मात्र तो घेण्याची आमची ऐपत नव्हती. आईने मांजरपाट आणून ओळखीच्या शिंप्याकडून तो शिवून घेतला. शिंप्याने कापड आधी भिजवले नव्हते, म्हणून दोन धुण्यांतच बाह्या कोपराकडे सरकल्या आणि पहिल्याच आठवड्यात कॉलर धरून ओढल्यावर खांद्याची शिवण उसवली. मात्र आमच्या पायाखाली काथ्याच्या जाड गाद्या होत्या, त्यांच्यावर ताडपत्री ताणून बसवलेली असे आणि सराव सुरू होण्यापूर्वी दोन मुले गाद्यांमधल्या फटी पायाने चाचपून पाहत. पहिले दोन महिने आम्हाला कोणाला पाडू दिले नाही. फक्त पडायला शिकवले. हनुवटी छातीला टेकवून, हाताने गादीवर थाप मारून, मागे, बाजूला आणि पुढे पडण्याच्या या सरावाला जपानी भाषेत उकेमी म्हणतात, आणि माझ्या मते नवशिक्याचे खरे संरक्षक साहित्य तेच.

साहित्याचा विचार करताना सर्वांत आधी जमीन पाहावी, हे या पत्रातले माझे मुख्य म्हणणे आहे. ज्युदोच्या स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या चटया साधारण 4 सेंटिमीटर जाडीच्या आणि घट्ट दाबलेल्या फोमच्या असतात. त्या पाय रुतणार नाही इतक्या कडक आणि पाठ आपटल्यावर धक्का शोषून घेतील इतक्या मऊ असाव्या लागतात. कराटेच्या उभ्या सरावासाठी 2 सेंटिमीटरची चटई चालून जाते, परंतु तिच्यावर लहान मुलाला कमरेवरून फेकणे धोक्याचे आहे. अडचण अशी आहे की चटयांचा खर्च वर्गचालकाला करावा लागतो, तर बॅगेतल्या वस्तूंचा खर्च पालक करतात आणि त्यातून वर्गचालकाला चार पैसे सुटतातही. जमीन फोटोत दिसत नाही, हेडगार्ड मात्र ठसठशीत दिसते, आणि त्यामुळेच यादी अशी उलटी तयार होत असावी, असा माझा संशय आहे.

साहित्य भरपूर असले म्हणजे धोका टळतो, हा समज तर फारच महाग पडू शकतो. ज्युदोच्या माहेरघरी, जपानमध्ये, 1983 पासूनच्या पुढच्या पाव शतकात शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून अधिक मुले दगावल्याची आकडेवारी तिथल्या अभ्यासकांनी मांडली, तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. त्या मुलांकडे ड्रेस नव्हता किंवा त्या शाळांत चटया नव्हत्या असे मुळीच नव्हते. बहुतेक मृत्यू डोक्याच्या दुखापतीने झाले, त्यांत नुकतीच सुरुवात केलेली मुले बरीच होती, आणि पडण्याची पुरती तयारी नसताना त्यांना जोरात मागे पाडले गेले, हे कारण वारंवार पुढे आले. बॉक्सिंगचे उदाहरणही असेच बोलके आहे. 1984 च्या ऑलिंपिकपासून हौशी बॉक्सरांना हेडगार्ड सक्तीचे होते. 2013 मध्ये वरिष्ठ पुरुष गटातून ते काढून टाकण्यात आले आणि 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष बॉक्सर पुन्हा उघड्या डोक्याने उतरले. त्या निर्णयावर वाद झाले आणि ते अजूनही संपलेले नाहीत, परंतु एवढे सर्वमान्य आहे की हेडगार्ड भुवई फुटणे, कान दुखावणे अशा वरवरच्या जखमा रोखते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते रोखेलच अशी हमी नाही. जाड हातमोजे घातलेले मूल मोकळ्या हाताच्या मुलापेक्षा जोरात मारते, कारण त्याला स्वतःची बोटे दुखत नाहीत. हे मी कित्येकदा डोळ्यांनी पाहिले आहे.

जमिनीनंतर मी माउथगार्डला मान देईन. गरम पाण्यात मऊ करून दाताखाली दाबून बसवायचे साधे माउथगार्ड काही शे रुपयांत मिळते. मुलाचे दुधाचे दात पडत असतील किंवा दातांना तारा बसवल्या असतील, तर मात्र दंतवैद्याला विचारूनच ते घ्यावे. जागतिक कराटे महासंघाच्या नियमांत ते कुमितेसाठी, म्हणजे दोघांच्या लढतीसाठी, सक्तीचे आहे, तरीही आमच्या यादीतून ते कसे गळले हे मला कळलेले नाही. 1984 साली माझ्या जोडीदार मुलीचा समोरचा दात सरावात पडला, तेव्हा सरांनी तो रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला आणि उरलेला तास पूर्ण करायला लावला. आम्हाला तेव्हा त्याचे कौतुक वाटले होते. आज त्या प्रसंगाची लाज वाटते, आणि म्हणून "आमच्या वेळी असे नव्हते" या चालीवर हे पत्र वाचले जाऊ नये अशी विनंती आहे.

आमच्या वेळी सरावाच्या मध्ये पाणी पिणे हा कमकुवतपणा समजला जाई, चुकलेल्या पवित्र्याला पोटरीवर पट्टी बसत असे, आणि दुखापत सांगणारा मुलगा पुढच्या परीक्षेला बसेल की नाही हे सांगता येत नसे. मुलींच्या अडचणींविषयी तर कोणी बोलतच नसे. पांढऱ्या सुती विजारीत महिन्याचे ते चार दिवस काढताना काय जीव मुठीत धरावा लागतो, हे वर्गातल्या एकाही पुरुष प्रशिक्षकाच्या ध्यानात आले नव्हते, आणि आम्हीही ते कधी सांगितले नाही. पाय मुरगळल्याचे कारण देऊन घरी बसत असू. ज्युदोत त्या काळी महिलांच्या काळ्या पट्ट्यावर मधोमध पांढरी रेघ असे, जणू त्यांचा काळा रंग थोडा कमी काळा. ती प्रथा आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून गेली आहे. महिलांच्या ज्युदोला ऑलिंपिक पदके मिळायला 1992 चे बार्सिलोना उजाडावे लागले, तर पुरुषांची स्पर्धा 1964 मध्येच टोकियोत झाली होती. आज माझ्या नातीच्या वर्गात प्रशिक्षिका आहे, पाण्याच्या बाटल्या रांगेने ठेवलेल्या असतात आणि सरावाच्या दिवशी गडद रंगाची विजार चालते. हा बदल मला मनापासून आवडला.

ड्रेसच्या बाबतीत पालकांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. कराटेचा ड्रेस आणि ज्युदोचा ड्रेस या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मूळचा ड्रेस ज्युदोचा. कराटेचे मूळ असलेल्या जपानच्या ओकिनावा बेटावर त्याचा सराव रोजच्या साध्या कपड्यांत होत असे आणि 1922 मध्ये तिथले कराटे शिक्षक फुनाकोशी गिचिन यांनी टोकियोत कराटे दाखवले, तेव्हापासून ज्युदोच्या ड्रेसची हलकी आवृत्ती कराटेत रूढ झाली. ज्युदोतही सुरुवातीला बाह्या आणि विजारी आखूड होत्या; कोपर आणि गुडघे सोलवटू लागल्यावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लांब करण्यात आल्या. कराटेचा पातळ ड्रेस ज्युदोच्या सरावाला घातला तर तो पहिल्याच पकडीत फाटतो, आणि ज्युदोचा जाड विणीचा ड्रेस घालून आठ वर्षांचे मूल उन्हाळ्यात तासभर लाथा मारू शकत नाही. नवशिक्या मुलासाठी कराटेचा 8 औंस वजनाच्या कापडाचा सुती ड्रेस पुरतो. 12 ते 14 औंसांचा, हात फिरवल्यावर फटकन आवाज करणारा ड्रेस काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, करणाऱ्या मोठ्या खेळाडूंसाठी असतो, तर कुमितेसाठी मिळणारा जाळीदार पॉलिस्टरचा हलका ड्रेस स्पर्धेपुरता ठीक असला तरी रोजच्या ओढाताणीत टिकत नाही. दुकानात ड्रेस हातात घेतल्यावर काखेतली कळी, विजारीची बैठक आणि गुडघ्यावरचा दुहेरी थर आधी तपासावा. सुती कापड आटतेच, म्हणून बाही मनगटाच्या थोडी पुढे जाईल असा माप घ्यावा, पण "दोन वर्षे पुरेल" या हिशेबाने इतकाही मोठा घेऊ नये की विजार टाचेखाली येऊन मूल अडखळेल. कराटेच्या स्पर्धेत विजार घोट्याच्या हाडाखाली गेलेली चालत नाही, ती यासाठीच. मुंबईकरांना धोबी तलावच्या दुकानांत हे सगळे हाताळून पाहता येते. तिथला बराचसा माल मीरत किंवा जालंधरहून येतो, आणि वर्गात मिळणाऱ्या मालावर वर्गाचे नाव छापलेले असले तरी तोही बहुधा तिथलाच असतो.

आमच्या वेळची एक गोष्ट मात्र परत यावी असे वाटते. मोठ्या मुलांचे आखूड झालेले ड्रेस लहानांना दिले जात. माझा दुसरा ड्रेस असाच एका वरच्या वर्गातल्या मुलीचा होता आणि तिचे नाव कॉलरच्या आत निळ्या धाग्याने विणलेले होते. आता प्रत्येक वर्गाचा बिल्ला वेगळा आणि छपाई वेगळी, त्यामुळे वर्ग बदलला की ड्रेस बाद होतो. माउथगार्ड आणि फोम कडक झालेले जुने हेडगार्ड कोणाला देऊ नये हे खरे, पण ड्रेस, पट्टा आणि शिनगार्ड स्वच्छ धुऊन द्यायला कोणाची हरकत असावी?

पट्ट्यांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यावर अनेकांनी लिहून झाले आहे. पांढरा पट्टा वर्षानुवर्षांच्या घामामातीने मळून काळा होत असे, ही मुलांना सांगितली जाणारी कथा गोड आहे, मात्र खरी नाही. युरोपात ज्युदोचे रंगीत पट्टे रुजले ते 1930 च्या दशकात, जपानी प्रशिक्षक कावाइशी यांच्यामुळे, आणि विद्यार्थ्यांचा उत्साह टिकावा हाच त्यामागे हेतू होता. तेव्हा रंग बदलण्याला माझा विरोध नाही. दर तीन महिन्यांनी परीक्षा, तिची वेगळी फी आणि प्रत्येक रंगागणिक यादीत एका नव्या वस्तूची भर, या साखळीला आहे. तायक्वांदोत 2012 च्या लंडन ऑलिंपिकपासून छातीवरचे संरक्षक कवच विजेवर गुण मोजू लागले, म्हणून दुसरीतल्या मुलालाही तसलेच महागडे कवच हवे असे सांगणारे वर्ग आहेत. स्पर्धेला उतरेपर्यंत त्याला साधे चेस्टगार्ड पुरेसे असते.

परंपरेचा दाखलाच द्यायचा तर तो आपल्याकडेही आहे. मर्दानी खेळात तलवारीच्या आधी हाती येतो तो फरीगदगा, म्हणजे छोटी ढाल आणि चामड्याने मढवलेली काठी. जोडीदाराला इजा न करता हात साफ करण्यासाठी तयार केलेले साहित्य ते हेच. कोल्हापुरातल्या तालमींतही नव्या मुलाला आधी हौद्यातली माती खणायला आणि सारखी करायला लावतात, आणि हळद, ताक, तेल घालून ती माती मऊ आणि निरोगी ठेवण्याची जबाबदारी तालमीची असते. त्या मुलाला विकत आणावा लागतो तो फक्त लंगोट.

आम्ही सात-आठ पालकांनी मिळून वर्गचालकांना लेखी विनंती केली आहे की बॅग आणि टी-शर्ट यांचे पैसे आम्ही देतो, पण त्यांतून बॅगा न आणता 4 सेंटिमीटरच्या चटया आणाव्यात, माउथगार्ड सक्तीचे करावे आणि बाकीचे साहित्य सहा महिन्यांनी, गरज पडेल तसे, हव्या त्या दुकानातून घेण्याची मुभा द्यावी. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. तोपर्यंत नातीला मी घरीच, कापसाच्या दोन गाद्या एकमेकींवर टाकून, मागे पडायला शिकवते आहे.

आपली,
एक वाचक, पुणे