‘ट्रू’ आलं म्हणजे डॉक्युमेंट बदललं असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत सी या प्रोग्रामिंग भाषेतून मॉन्गोडीबी या डेटाबेसच्या कलेक्शनमधलं (नोंदींच्या संचातलं) डॉक्युमेंट, म्हणजे एक नोंद, रिप्लेस कसं करायचं यावर लेख आलाय तो वाचला. सी वर मराठीत कोणी लिहितंय हेच मुळात विरळा, त्यामुळे लेखकाला आधी मनापासून थँक्स. पण छापलेल्या कोडमध्ये रिप्लेस वन फंक्शनला शेवटचे तीनही पॅरामीटर नल (रिकामे) दिलेत, म्हणजे ऑप्शन्स नल, रिप्लाय नल, एरर नल, आणि फंक्शनने ट्रू परत दिलं की ‘डॉक्युमेंट बदललं’ असं प्रिंट करून मोकळे. कोड कम्पाइल होतो, चालतोसुद्धा, पण जो मुलगा हा बघून शिकेल तो पुढे डोकं धरून बसणार.

कारण तिथे ट्रू चा अर्थ एवढाच की कमांड सर्व्हरपर्यंत गेली आणि एरर आली नाही. सिलेक्टरला, म्हणजे कुठलं डॉक्युमेंट हवं ते सांगणाऱ्या अटीला, एकही डॉक्युमेंट जुळलं नाही तरी ट्रूच येतं! खरंच काय झालं ते रिप्लायमध्ये (सर्व्हरकडून आलेल्या उत्तरात) असतं, त्यात मॅच्ड काउंट आणि मॉडिफाइड काउंट असे दोन आकडे येतात. मॅच्ड ० म्हणजे सापडलंच नाही. मॅच्ड १ पण मॉडिफाइड ० म्हणजे सापडलं, पण नवं डॉक्युमेंट जुन्यासारखंच होतं म्हणून काही बदललं नाही. लेखातल्या कोडने रिप्लायच घेतला नाही, मग यातलं कळणार कुठून?

आता न जुळण्याचं सगळ्यात कॉमन कारण सांगतो. प्रत्येक डॉक्युमेंटची ओळख असलेला अंडरस्कोर आयडी बहुतेक वेळा ऑब्जेक्ट आयडी (थोडक्यात ओआयडी) टाइपचा असतो, स्क्रीनवर तो २४ अक्षरांचा दिसतो, मग नवखा माणूस ती २४ अक्षरं स्ट्रिंग म्हणून सिलेक्टरमध्ये टाकतो. बीसन मध्ये, म्हणजे मॉन्गोडीबीच्या डेटा फॉरमॅटमध्ये, स्ट्रिंग आणि ऑब्जेक्ट आयडी हे दोन वेगळे टाइप आहेत त्यामुळे ते कधीच जुळत नाहीत, आधी स्ट्रिंगवरून ओआयडी बनवायचा आणि मग तो ओआयडी म्हणून अपेंड करायचा. लेखात शेवटी ‘अपसर्ट ट्रू केलं की डॉक्युमेंट नसेल तर नवीन बनतं’ असं एका ओळीत उरकलंय ते तर वरच्या चुकीसोबत आलं की विचारूच नका. आयडी स्ट्रिंग दिला, जुळला नाही, अपसर्ट चालू, म्हणून त्याच २४ अक्षरांचा पण स्ट्रिंग आयडी असलेलं दुसरं डॉक्युमेंट तयार झालं. दुसऱ्या एखाद्या फील्डवर युनिक इंडेक्स (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी सोय) नसेल तर एररही नाही आणि एकाच माणसाची दोन रेकॉर्ड्स, दिसायला आयडी सारखाच. शोधत बसा.

दुसरं म्हणजे लेखात रिप्लेसला सरळ ‘अपडेट करणे’ म्हटलंय. समजा डॉक्युमेंटमध्ये नाव, फोन, ईमेल, पत्ता आहे आणि फोन बदलायचा म्हणून तुम्ही फक्त नाव आणि नवा फोन घालून रिप्लेस केलं, तर ईमेल आणि पत्ता गेले, कायमचे. जुन्यातला फक्त अंडरस्कोर आयडी टिकतो. एकच फील्ड बदलायचं असेल तर अपडेट वन फंक्शन आणि डॉलर सेट (दिलेलं फील्डच बदलणारा ऑपरेटर) वापरा ना, रिप्लेसच्या वाटेला जायचंच कशाला. (रिप्लेसमध्ये डॉलर सेट घातलं तर ड्रायव्हर, म्हणजे सी मधून मॉन्गोडीबीशी बोलणारी लायब्ररी, एरर देतो, ते बरंय, पण लेखातल्या कोडमध्ये एरर नल आहे त्यामुळे फॉल्स आला तरी मेसेज वाचायची सोय नाही.)

आता कोणी म्हणेल आधी अख्खं डॉक्युमेंट वाचा, त्यात फोन बदला आणि परत रिप्लेस करा. चालेल, पण तुम्ही वाचल्यावर आणि रिप्लेस करायच्या आधी दुसऱ्या कुणी पत्ता बदलला तर तुमचं जुनं डॉक्युमेंट त्याच्यावर जाऊन बसणार आणि त्याचा बदल गुपचूप गायब. एका डॉक्युमेंटवरचं रिप्लेस अॅटॉमिक असतं (मधे दुसरं कुणी घुसू शकत नाही) हे खरं, पण वाचणं आणि लिहिणं मिळून नसतं. यावर साधा उपाय आहे, डॉक्युमेंटमध्ये व्हर्जन नावाचं फील्ड ठेवा, सिलेक्टरमध्ये आयडीसोबत वाचलेला व्हर्जनही द्या, समजा ७, आणि नव्या डॉक्युमेंटमध्ये ८ लिहा. मधे कोणी हात लावून असाच व्हर्जन वाढवला असेल तर मॅच्ड ० येईल, मग परत वाचून परत प्रयत्न करायचा. म्हणजे इथेही शेवटी रिप्लायच बघावा लागतो.

जागेचा प्रश्न असतो मान्य आहे, पण मोजून पाच-सहा ओळी वाढल्या असत्या. रिप्लायसाठी एक बीसन टी टाइपचा व्हेरिएबल, एररसाठी एक बीसन एरर टी टाइपचा, फॉल्स आलं तर एररमधला मेसेज प्रिंट, ट्रू आलं तर मॅच्ड काउंट वाचायचा, आणि शेवटी रिप्लायवर बीसन डिस्ट्रॉय (त्याची मेमरी मोकळी करायला). हे डिस्ट्रॉय कॉल फेल झाला तरी करायचं असतं बरं का, कारण रिप्लाय दोन्ही वेळेला इनिशियलाइज होतो, आणि बरेच जण फेल झाल्यावर थेट रिटर्न मारतात तिथे मेमरी लीक होते.

पुढच्या भागात कोड दुरुस्त करून पुन्हा छापावा ही विनंती. जागा कमीच असेल तर वर्णनाचे दोन पॅरा उडवा, हरकत नाही, कोड पूर्ण द्या.

आपला,
एक नियमित वाचक