ग्राफिक्स कार्ड न विकल्याबद्दल आभार

आमच्या स्टुडिओशेजारचे संगणक दुरुस्ती करणारे दादा यांस,

स. न. वि. वि.

लग्नाच्या अल्बमची पाने लावताना माझ्या संगणकावरील फोटोशॉप इतके मंदावले होते, की ब्रशची रेघ पडद्यावर उमटेपर्यंत हात थांबवून धरावा लागे आणि फाइल सेव्ह होईपर्यंत समोर बसलेल्या ग्राहकाशी बोलायचे विषय संपत. एका दुकानदाराने तर संगणक न पाहताच महागडे ग्राफिक्स कार्ड बसवायला सांगितले होते. तसे कार्ड आपल्याकडेही विक्रीला होते. तरीही आपण ते माझ्या गळ्यात मारले नाही आणि दुखणे नेमके कुठे आहे ते शोधून काढले, याबद्दल हे जाहीर आभार.

आपण मला रोजचेच काम सुरू करायला सांगितले आणि बाजूला टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकाचा कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी खिडकी, उघडून ठेवला. मी ब्रश चालवू लागताच मेमरी (रॅम) काठोकाठ भरली, हार्ड डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन तिथेच ठाण मांडून बसला, आणि ग्राफिक्स कार्डाचा आलेख मात्र जवळजवळ सपाट राहिला. मग फोटोशॉपच्या तळाच्या पट्टीतील बाणावर क्लिक करून आपण ‘एफिशियन्सी’ निवडले. हा आकडा १०० च्या खाली उतरला, की रॅम अपुरी पडून काम स्क्रॅच डिस्कवर, म्हणजे फोटोशॉप तात्पुरत्या साठवणीसाठी वापरते त्या डिस्कवर, चालले आहे असे समजावे, हे मला तेव्हा कळले. माझी स्क्रॅच डिस्क म्हणजे विंडोज आणि जुने फोटो यांनी गच्च भरलेली तीच हार्ड डिस्क होती.

आपण कागदावर केलेला हिशेब मी जपून ठेवला आहे. १२ बाय ३६ इंचांचे पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०८०० पिक्सेलचे होते, म्हणजे प्रत्येक रंगाची नोंद ८ बिटमध्ये ठेवली तर पूर्ण पानभर पसरलेला एकेक लेयर (थर) सुमारे १११ एमबीचा आणि १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. त्यावर फुलांच्या चौकटी, वधूवरांचे फोटो आणि हिस्टरीच्या, म्हणजे बदल मागे घेता यावेत म्हणून जपलेल्या, ५० पायऱ्या. शिवाय ब्राउझर उघडा. ८ जीबी रॅम पुरणार कशी?

आपण आणखी ८ जीबीची पट्टी मेमरीचे दोन्ही चॅनल (मार्ग) एकदम चालतील अशा खाचेत बसवली, एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) जोडून स्क्रॅच डिस्क तिच्यावर नेली आणि हिस्टरी २० वर आणली. आता बहुतेक पानांवर एफिशियन्सी १०० वरून हलत नाही. पुष्कळ लेयरच्या फाइली सेव्ह व्हायला अजूनही वेळ लागतो, कारण पीएसडी (फोटोशॉपची फाइल) आकुंचित करून लिहिली जाते. ते बंद करता येते, पण फाइली फुगतात हे आपण सांगितल्यामुळे मी त्या सेटिंगला हात लावलेला नाही. (डिस्कची जागाही फुकट मिळत नाही.)

आपण सुट्या भागांचेच पैसे घेतले, तपासणीचे घेतले नाहीत. माझ्या मते खरी किंमत तिचीच होती. तुळशीचे लग्न लागले, की आमच्या ऑर्डरी सुरू होतील. त्याआधी प्रोसेसरच्या पंख्यावरची धूळ काढून द्यावी आणि त्या वेळी दोन्ही कामांचे बिल एकत्र करावे, ही विनंती.

आपला,
शेजारचा फोटोग्राफर