छत कापले म्हणजे विटंबना झाली?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या मोटारींवरचा लेख वाचला. मूळ रूपात जपलेल्या गाड्यांचे त्यातले कौतुक रास्तच आहे. पण शेवटी लेखकाने हॉट रॉडवाल्यांना, म्हणजे जुन्या गाड्या कापून-जोडून, दुसरे इंजिन घालून नव्याने घडवणाऱ्यांना, एका फटक्यात ‘जुन्या गाड्यांची विटंबना करणारे’ ठरवून टाकले, ते काही पटले नाही. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये लेथवर गेली. आता मुलीकडे दक्षिण कॅलिफोर्नियात असतो आणि दोन वर्षे एका मित्राच्या १९५३ च्या फोर्ड एफ-१०० पिकअपवर हात काळे करतो आहे.

त्याने ही गाडी आणली तेव्हा तिला इंजिन नव्हतेच. केबिनच्या तळाला गंजाने अशी भोके पडलेली, की आत बसून जमीन दिसायची. जपायला मूळ रूप होते कुठे? गाडी धड आणि अस्सल असती, तर कटरसमोर मीच आडवा पडलो असतो.

बरे, मूळ व्यवस्था तरी काय होती? पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे, सहा व्होल्टची वायरिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि त्या सगळ्यांना मिळून ब्रेकचे तेल ढकलणारा एकच मास्टर सिलिंडर. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले! मित्राने पुढे डिस्क ब्रेक, दोन स्वतंत्र सर्किटांचा मास्टर सिलिंडर आणि फोर्डच्याच नंतरच्या ‘मस्टँग टू’ या गाडीच्या धाटणीचे सस्पेन्शन बसवले. इंजिन मात्र फोर्डच्या प्रतिस्पर्धी शेव्हर्लेचे, ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटर. फोर्डच्या पोटात शेव्हर्ले, यावरून इथे आजही हमरीतुमरी होते. या इंजिनाचे सुटे भाग सहज मिळतात, हे त्याचे साधे कारण. फक्त त्याचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा भाग, मागच्या अंगाला असतो, त्यामुळे फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिनमधला पत्रा, ठोकून खोबण करावी लागली.

छत तीन इंच खाली आणले, हे सांगायला सोपे. पण केबिनचे खांब वर जाताना आत कलतात. मधला तीन इंचांचा तुकडा काढला की छताकडचे तोंड खालच्या तोंडावर बसत नाही. मग खांब तिरके करा, छताला छेद देऊन पट्टी घाला, असे एकातून एक निघत जाते. वेल्डिंगही सलग करायचे नाही, नाहीतर पत्रा पापडासारखा वेडावाकडा होतो. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मध्ये निवायला वेळ. माझा वाटा एवढाच, की जुन्या मीटरच्या घरात नवे मीटर बसवायला अ‍ॅल्युमिनियमची कडी केली. पहिली कडी दोन थाऊ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, सैल झाली. मित्र म्हणाला चालेल. मी दुसरी केली.

आणि हा उद्योग आजचा नाही. १९३२ मध्ये फोर्डने सामान्यांच्या गाडीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन दिले. त्याच्याही आधीपासून इथली पोरे मडगार्ड उतरवून, वजन कमी करून इथल्या वाळवंटातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाड्या पळवत होती. त्यांच्या क्लबांची संघटना एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) १९३७ मध्ये उभी राहिली. पुढे म्युरॉक लष्कराकडे गेले आणि शर्यती एल मिराजच्या तळ्यावर आल्या, त्या तिथे अजूनही होतात. म्हणजे गाडी कापण्याचीच परंपरा मित्राच्या गाडीपेक्षा जुनी आहे.

असे बदल सरसकट बेकायदा असल्याचे लेखात सुचवले आहे, तेही इथे लागू नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांच्या धूर-तपासणीतून सूट आहे. आवाजाला मात्र नियम आहे, आणि मित्राच्या सायलेन्सरबद्दल मी गप्प बसलेलेच बरे.

एक गोष्ट मात्र लेखकाच्या पदरात टाकतो. पिकअप ही ओझी वाहायची गाडी, तिला काय जपायचे, असे मी मित्राला नेहमी ऐकवतो. त्याने मागच्या हौद्यात ओकच्या फळ्या बसवून त्यांना सात हात व्हार्निश दिले आहे. परवा मी माझी हत्यारांची पेटी तिथे ठेवायला गेलो, तर त्याने आधी खाली रजई अंथरली.

आपला,
एक निवृत्त टर्नर,
सॅन बर्नार्डिनो काउंटी, कॅलिफोर्निया