मारिओचा सिनेमा हे विविधीकरण नव्हे

मा. संपादक,
स. न.

व्हिडिओ गेम कंपन्यांच्या विविधीकरणावरचा आपल्या अंकातला लेख वाचला. सिनेमा, थीम पार्क, संग्रहालय अशा नव्या वाटा धरून जपानच्या निन्टेंडो कंपनीने कन्सोलवरची, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांवरची, भिस्त कमी केली, असा त्याचा सूर आहे. माझा सारा जन्म हिशेबतपासणीत गेला. ताळेबंद पाहिल्याशिवाय असलं विधान घशाखाली उतरत नाही.

मार्च २०२४ ला संपलेलं आर्थिक वर्ष घ्या. निन्टेंडोच्या गेममधलं गाजलेलं पात्र मारिओ, त्याचा सिनेमा त्याच वर्षात, एप्रिल २०२३ मध्ये आला आणि त्याने जगभरात १३० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्या वर्षी कंपनीची एकूण विक्री सुमारे १ लाख ६७ हजार कोटी येन होती. त्यात मोबाइल गेम, सिनेमा आणि पात्रांचे हक्क यांचा मिळून वाटा ९ हजार कोटींच्या थोडा वर. म्हणजे शंभरातले पाच-सहा येन! सिनेमाचा गल्ला आणि कंपनीच्या हाती पडणारी रक्कम यांत अंतर असतं, हे लेखात कुठेच आलेलं नाही.

खरं विविधीकरण या कंपनीने केलं ते साठच्या दशकात. १८८९ मध्ये क्योतोत हानाफुदा हे फुलांच्या चित्रांचे जपानी पत्ते बनवण्यापासून सुरू झालेलं हे दुकान. १९५६ मध्ये कंपनीचे तिसरे अध्यक्ष हिरोशी यामाउची अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पत्ते कंपनीत गेले आणि तिचं साधंसुधं कार्यालय पाहून चपापले; या धंद्याचं शिखर एवढंच, हे त्यांना उमगलं. मग टॅक्सी झाली, झटपट भात झाला. दोन्ही टिकले नाहीत. टॅक्सी चालवायला किंवा भात विकायला पत्त्यांच्या कारखान्यातलं कुठलं कसब उपयोगी पडणार होतं?

तारलं ते कारखान्यातल्याच एका पोराने. गुनपेई योकोई हे पत्त्यांची यंत्रं दुरुस्त ठेवायला नेमलेले. रिकाम्या वेळात त्यांनी पट्ट्या आडव्यातिडव्या जोडून एक लांबणारा हात बनवला: मुठी आवळल्या की सर्रकन पुढे जाऊन वस्तू पकडायची, सैल सोडल्या की परत. कामावर खेळत बसल्याबद्दल बोलणी खावी लागतील असं त्यांना वाटलं असणार. यामाउचींनी मात्र ते विकायला काढायला सांगितलं. १९६६ मध्ये बाजारात आलेला हा 'अल्ट्रा हँड' दहा लाखांहून अधिक खपला. पुढे १९८० मध्ये खिशात मावणारे 'गेम अँड वॉच' आले, तेही योकोईंचंच काम.

आजचा सिनेमा आणि ओसाकातलं पार्क यांना मी विविधीकरण म्हणणार नाही. पडद्यावर मारिओ पाहिलेलं पोर घरी येऊन कन्सोल मागतं, हा त्यातला हिशेब आहे. म्हणजे ती जाहिरात आहे, आणि फार हुशार जाहिरात आहे, कारण तिचे पैसे प्रेक्षकच देतो. पण तिला विमा समजू नये. निन्टेंडोचं वी हे कन्सोल दहा कोटींहून अधिक विकलं गेलं, त्यानंतरचं वी यू दीड कोटीही गाठू शकलं नाही. तेव्हा अध्यक्ष सातोरु इवाता यांनी २०१४ मध्ये स्वतःचा पगार काही महिन्यांसाठी निम्म्यावर आणला. तशी वेळ पुन्हा आली तर पाच-सहा टक्क्यांच्या आधारावर किती काळ तग धरणार?

गुंतवणूकदारही या बाबतीत फसलेले आहेत. जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा मोबाइल गेम आल्यावर निन्टेंडोचा शेअर काही दिवसांत दुप्पट झाला. हा गेम नायँटिक या दुसऱ्याच कंपनीने काढला आहे आणि आपल्या नफ्यावर त्याचा परिणाम मर्यादित असेल, असं कंपनीनेच जाहीर केल्यावर तो एका दिवसात सुमारे १८ टक्के आपटला. शेअर घेताना गेमच्या मालकीची चौकशी पुष्कळांनी केलीच नव्हती.

लेखकांनी पुढच्या भागात उत्पन्नाची ही फोड छापावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस